नार्सिसला सोडायच्या आधी

ठेव रे त्या काठ्या खाली. आज अंत्ययात्रेत ड्रमखालचा रुमाल काढायला तुझे हात कसे शिवशिवत होते, पाहिलं मी. दिवा बारीक करा नि ऐका सगळे. आपल्या बँडच्या ड्रमवाल्या ओव्हीदच्या बाबतीत घडलंय हे.

मागच्या ऑगस्टचा शेवटचा शनिवार. ट्रॉम्बोनवाला म्हातारा नार्सिस गेला होता. रुमालाने आवाज दाबून ओव्हीद शोकाची चाल वाजवत होता. आभाळ भरून आलं तशी याला घाई झाली. शवपेटीची गाडी आपल्यापासून सुटून कबरस्तानाकडे वळायची होती, तेवढ्यात या गड्याने रुमाल ओढला. ड्रम खणखणला आणि सगळ्या बँडने नाचाची चाल धरली. लोक छत्र्या उडवत नाचले. गाडी वळताना मयताला निरोप देऊन 'सोडायचं' असतं, मगच नाचायचं; नार्सिसला सोडायचं राहूनच गेलं.

"म्हातारा चिडेल हं," मी म्हणालो.

"चिडतोय कसला? मेला नाचायलाच टपलेला असायचा," ओव्हीद हसला.

रात्री अकराला तो ड्रम गळ्यात अडकवून घरी निघाला. सहा वर्षांच्या लेकीसाठी, ओडालीसाठी, मयताच्या जेवणातली तळलेली कोंबडी बांधून घेतली होती. आपल्या ट्रेमे वस्तीच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मागे पाऊल वाजलं.

एक पाऊल... थांबलं. दुसरं... थांबलं. शोकाच्या चालीवर आपण टाकतो ना, तसं. ओव्हीद पळाला. ते पळालं नाही. तरी तेवढंच मागे.

घराचं दार दिसलं. दार उघडलं, तर हे आत येणार. ओडालीपाशी.

तो दारावरून पुढे गेला. रुमाल परत ड्रमखाली कोंबला. शोकाची चाल वाजवत थेट कबरस्तान गाठलं. एकट्याने. मागे पाऊल... पाऊल...

फाटकाशी पोचून तो म्हणाला,

"जा, काका... सोडलं तुम्हाला."

रुमाल काढला. नाचाची चाल धरली.

काहीच नाही...

मग मागे कुणीतरी नाचू लागलं. जड पावलं. आणि त्यांच्या जोडीला... हलकी.

त्याने मान वळवली नाही. थांबायची छातीच झाली नाही. उजाडेपर्यंत वाजवत राहिला.

घरी आला तेव्हा बायकोने आतली कडी काढली.

"ओडाली?"

"झोपलीय. रात्रभर कूस बदलली नाही पोरीने."

ओडाली गाढ झोपली होती. चादर स्वच्छ होती. ओव्हीदने पांघरूण पायाकडून वर केलं. पोरीचे तळवे रस्त्याच्या डांबराने काळे झाले होते, आणि त्यांना फोड आले होते.