राखण्याची शिकवणी

पळसबोडीच्या तलावात राखण्या नावाचं यंत्र सोडायचं ठरलं, त्यात कौतुका दिघोरेचा फायदा असा होता: त्याला शिकवायला पंधरा दिवस डोंग्याऐवजी खुर्चीत बसायचं, चहा दुसऱ्यानं आणून द्यायचा, आणि माशांविषयी जन्मभर जे फुकट सांगितलं ते एका शिकलेल्या मुलीनं मान हलवत ऐकायचं. चौथा फायदा ती कुणाला बोलली नव्हती. तलावात मरळ मासळी पुन्हा दिसणार होती.

मांगूर शिरल्याला सहा वर्षं झाली होती. कुणाच्या तरी शेततळ्यातून पुराबरोबर आलेला हा मिशाळ, परदेशी मासा. मरळही काही शाकाहारी नव्हे, पण ती पंगतीत बसून खाणारी. मांगूर पंगतीसकट पत्रावळ्याही खात होता. ढिवर मासेमारांच्या सोसायटीतल्या तेवीस घरांनी ठरवून टाकलं होतं की येत्या दोन पावसाळ्यांत मरळीची पिल्लं जगली नाहीत, तर तलावाचा ठेका सोडायचा आणि जाळी मोडीत घालायची.

राखण्या म्हणजे हातभर लांबीचं, मरळीच्याच घाटाचं यंत्र. पाण्यात गस्त घालायची, समोरचा मासा पारखायचा, मांगूर असला तर विजेचा चटका द्यायचा. नागपूरहून आलेल्या अश्लेषा वांढरेनं काचेचा लांबट हौद मांडला. एका टोकाला राखण्या, मधून एकेक मासा सोडायचा.

"मावशी, तुम्ही फक्त 'घे' नाहीतर 'जाऊ दे' म्हणायचं. कारण सांगायचं नाही. तुमचे निर्णय बघून ते स्वतःच शिकतं."

"म्हणजे जावयासारखं," सोसायटीचे अध्यक्ष दामाजी म्हणाले. "आपण काही बोला, तो अर्थ आपलाच लावते."

आषाढ होता. पंधरा दिवसांत कौतुकानं दीड हजार मासे पारखले. राखण्या पाण्यात गेला आणि दुसऱ्याच सकाळी मेलेले मांगूर तरंगू लागले. दामाजींनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला.

पुढच्या आषाढात कौतुकानं मरळीचे चौदा घोळके मोजले. मरळीची पिल्लं कुंकवासारखी लाल. त्यांचा गोळा पाण्यावर तरंगतो आणि खाली मायबाप पहारा देतात. श्रावण लागला तेव्हा घोळके दोन राहिले होते. आणि रोज सकाळी मांगूर तर मरतच होते.

मग मरळीची पिल्लं खात होतं कोण?

कौतुकानं एक मेलेला मांगूर विळीवर चिरला. पोट रिकामं. दुसरा चिरला, तोही रिकामा. सातवा चिरेपर्यंत दामाजी येऊन उभे राहिले.

"काय शोधून राहिली, कौतुका? अंगठी गेली का?"

"हे सारे उपाशी मेले, भाऊजी. एकाच्याही पोटात काही नाही."

"मंग चांगलंच हाय ना. खाऊ दिलं नाही राखण्यानं."

"मंग मरळ काहून संपून राहिली?"

दामाजी घाईत असल्यासारखे निघून गेले. दुपारी कौतुकानं स्वतः जाळं टाकलं. जिवंत मांगूर आला, पोट टरारून फुगलेलं. चाचपल्यावर ते अंड्यांचं वाटेना, म्हणून तिनं चिरलं. आतून मरळीची एकोणीस लाल पिल्लं निघाली.

निरोप गेल्यावर तिसऱ्या दिवशी अश्लेषा आली. तिनं राखण्याची स्मृती उघडली आणि पडद्यावर गेल्या वर्षीचा हौद दाखवला. मांगूर येतो, कौतुकाचा आवाज म्हणतो, "घे." मांगूर येतो, "घे." मग फुगल्या पोटाचा मांगूर येतो.

"जाऊ दे," कौतुकाचाच आवाज म्हणाला.

"मी म्हटलं असं?"

"एक्केचाळीस वेळा, मावशी."

आषाढात पोटुशी मासळी हाती आली तर पाण्यात परत सोडायची. हे कौतुकाला तिच्या आईनं चालायला शिकवल्यासारखं शिकवलं होतं. जात बघायची नाही. तिनं ठरवून काही म्हटलंच नव्हतं. तोंडानं म्हटलं होतं.

"राखण्याला पोट गोल दिसतं," अश्लेषा म्हणाली. "आत अंडी आहेत की पिल्लं, ते दिसत नाही."

"म्हणजे जो पोटभर खाईल त्याले माफी," दामाजी म्हणाले, "आन् उपाशी असल तो मरन. असा कारभार मी तालुक्यालाही पाह्यला." मग त्यांचा आवाज खाली आला. "दोन घोळके हायत, बाई. ते गेले तर ठेकाही गेला. दुसऱ्या कोणी शिकवलं तं?"

"मावशींच्या शब्दावर ते सर्वात जास्त भरवसा ठेवतं. त्यांचं 'जाऊ दे' त्यांनाच फिरवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी हौद पुन्हा मांडला. पहिली पोटुशी मांगूर काचेला मिशा घासत पुढे आली. कौतुकाच्या ओठांवर आधी 'जाऊ दे'च आलं होतं.

"घे," ती म्हणाली.

चटका बसला. सैल झालेली अंडी पाण्यात पसरली. अश्लेषानं पाणी बदललं.

पहिल्या आठ-नऊ वेळा कौतुकानं मान फिरवली. मग फिरवली नाही. एक्केचाळिसावी मांगूर हौदात पुरती उतरायच्या आतच तिचं "घे" झालं होतं.

"शिकलं," अश्लेषा म्हणाली. "आता एकच तपासणी."

तिनं सोडली ती पोटुशी मरळ होती. राखण्या वळला आणि थांबला. कौतुकाच्या जिभेवर 'घे' आलं होतं, तिनं ते दातांखाली धरलं, गिळलं, आणि मग म्हणाली, "जाऊ दे."

"मावशी, एवढा वेळ का लागला?" अश्लेषानं विचारलं.

ते दोन घोळके जगले आणि ठेका राहिला. त्याची किंमत म्हणून मरळीनं बारा घोळके भरले आणि उपाशी मांगुरांनी जीव भरला. बाकीचं कौतुकानं भरलं. किती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. राखण्याला नवी रीत शिकायला एक्केचाळीस मासे लागले. तिला स्वतःला ती रीत कितव्या माशाला जडली?