उलटा सहा

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. टेंभुर्णीच्या बसस्टँडामागं तातेरावाचं फोटोचं दुकान होतं. जालन्याहून आलेल्या रामकिसननं एका दुपारी त्याच्या टेबलावर पत्र्याचा डबा आणून ठेवला.

"भंगारात सापडला. आत फिल्म हाये म्हणे, लई लांबडी. कंची, किती जुनी, काई लिव्हेल न्हाई."

"बघतो की. चा घेतो का?"

"न्हाई, मोटार निघून राह्यली," म्हणत रामकिसन गेला आणि दुकान पुन्हा सुनं झालं.

बायको बेबीनंदा गेल्याला दोन वर्षं झाली होती. या बहाद्दरानं साऱ्या पंचक्रोशीचे फोटो काढले, तिरडीवरच्या माणसांचेसुद्धा. बायकोचा मात्र एकही नाही! ती म्हणायची, "माझा एक काढा की." हा म्हणायचा, "कशाला फिल्म वाया घालवायची? तू घरचीच हायेस, कवाबी काढू." ते कवाबी राहूनच गेलं. आता तर तिचा चेहराही पुसट व्हायला लागला होता. कपाळ आठवायचं, हनुवटी आठवायची नाही. रात्रीच्या शाळेत ती आकडे शिकली होती, आणि सहा-सात कायम उलटे काढायची, एवढं मात्र पक्कं ध्यानात होतं. त्यावरून तो तिला फार हसायचा.

अनोळखी फिल्मचा आधी स्वभाव काढावा लागतो. तातेरावानं अंधाऱ्या खोलीत टोकाचा तुकडा कापला, उजेडात आणून औषधात बुडवला. काळा पडला, म्हणजे फिल्ममध्ये अजून जीव होता. मग त्यानं अंधारातच वावभर फिल्म कापून कॅमेऱ्यात भरली. दुकानाला आतून कडी लावली. समोर बसायला कोण होतं? त्यानं स्टुलावर पाटीच ठेवली, खडूनं १ लिहिला आणि खटका दाबला. दर वेळी आकडा पुसून पुढचा लिहीत, उजेड जरा वाढवत पाचापर्यंत गेला आणि थांबला.

कॅमेऱ्यातली सगळी फिल्म डबीत गुंडाळून घेऊन तो पुन्हा अंधाऱ्या खोलीत शिरला. काळाकुट्ट अंधार, औषधाचा आंबूस वास. फिल्म औषधात गेली तोच बाहेर खडू घासल्याचा आवाज झाला.

"कोण हाये?"

दार उघडावं तर उजेडानं फिल्म जळणार. तो तसाच उभा राहिला, ओल्या हातांनी, मनात सेकंद मोजत. बाहेर खडू थांबला. स्टूल जरासं सरकलं.

फिल्म पक्की झाल्यावर त्यानं दिवा लावला. फिल्मवर रिकामं स्टूल, पाटी, एक ते पाच. तिसरा तर झकास आला होता. त्याला बरं वाटलं. आणि पुढं सहावा फोटो होता.

त्यानं तो कागदावर उतरवला. लाल उजेडात थाळीतल्या कागदावर हळूहळू माणूस उमटला. स्टुलावर तातेराव स्वतःच बसला होता. मांडीवर पाटी, पाटीवर उलटा सहा.

"फिल्म उलटी धरली असंल..." तो पुटपुटला. पण सदऱ्याचा खिसा बराबर डावीकडंच होता. फोटोत फक्त सहा उलटा होता.

त्यानं भिंग लावलं. फोटोतल्या त्याच्या चष्म्याच्या काचेत कॅमेरा दिसत होता. कॅमेऱ्यामागं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई वाकली होती. चेहरा कॅमेऱ्याआड.

तो बाहेर आला. दाराची कडी लागलेली होती. स्टुलावरच्या पाटीवरचा पाच पुसलेला, आणि तिथं ताजा, उलटा सात.

पळून जावं, असं एकदा मनात आलं. पण पळून जायचं कुणाकडं? तो स्टुलावर बसला, पाटी मांडीवर घेतली आणि कॅमेऱ्याकडं पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"बेबी... एक डाव वर पाह्य ना. तोंड दिसू दे."

मग त्याच्या ध्यानात आलं, फिल्म तर मघाशीच काढली.

"आत फिल्म न्हाई गं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "वाया..." आणि पुढचा शब्द त्यानं गिळला.

खटका पडला. मग रिकाम्या कॅमेऱ्याची किल्ली सावकाश फिरली, पुढच्या फोटोसाठी.