सासूबाईंची कोवळीक

त्या वर्षी मिरजेत पन्नाशी ओलांडलेली माणसं भराभर कोवळी होत होती. निवृत्त गृहस्थ यंत्रमानव दुरुस्त करायला नातवाच्या आधी शिकत, आणि उपचार चालू असताना भर बाजारात फुग्यासाठी फतकल मारून बसत. लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पण मृणालिनीबाई शिरगुप्पे कोवळ्या होणार म्हटल्यावर त्यांची सून ऋजुता माहेरच्या गाडीचं वेळापत्रक काढून बसली.

मृणालिनीबाई एकेकाळी एका विमा कंपनीत सह्या पारखायच्या. खोटी सही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मुलाच्या, सम्मेदच्या, जन्मानंतर नोकरी सुटली ती सुटलीच. आता सम्मेदचं लग्न झालं होतं आणि जगात सही कुणी करेनासं झालं होतं. विम्याच्या दाव्यासोबत चित्रण येई, आणि बनावट चित्रणात जिवंत म्हैस मेलेली दाखवणं हा पोरखेळ झाला होता. कंपन्यांना चित्रण-पारखी हवे होते, आणि बाईंना ती नोकरी हवीच होती. साधा वर्ग त्यांनी दोनदा केला. दोन्ही वेळा परीक्षेत खऱ्या म्हशीला खोटी ठरवून आल्या आणि दार लावून रडल्या. ऋजुताला ते ऐकू आलं, पण आत जाण्याइतकं दोघींचं बरं नव्हतं. जालन्याची ही पोर आमटीत गूळ घालत नाही, इथून सुरू झालेलं युद्ध अजून चालूच होतं.

"काकू, लहान मूल भाषा पटकन का शिकतं?" दवाखान्यात डॉ. तांबोळींनी विचारलं. "मेंदूतल्या जोडण्या तेव्हा ओल्या मातीसारख्या असतात. वयानं त्या वाळतात. आमचं औषध तीन आठवडे ती माती पुन्हा ओली करतं. हीच कोवळीक."

"मग शिकवणार कोण? यंत्र?"

"नाही ओ. मूल शिकतं ते आपल्या माणसाकडून. घरातलं एकच माणूस लागतं, सतत जवळ."

सम्मेदनं लगेच फोन कानाला लावला. फोन वाजलाही नव्हता. उरली ऋजुता. तिचा धंदाच घरबसल्या चित्रणं कापून जुळवायचा, त्यामुळे सुटकेला वावच नव्हता.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला चालायला कुणी शिकवलं, आठवतं?"

"नाही बाई."

"पण चालता येतं. तसंच हे. माती वाळताना शिकलेलं टिकतं, शिकण्याचे दिवस मात्र वाहून जातात. त्या तीन आठवड्यांतलं काही आठवणार नाही."

"बरंच आहे की," मृणालिनीबाई म्हणाल्या. "हिच्यासोबतचे तीन आठवडे लक्षात ठेवून करायचंय काय?"

औषध सुरू झालं आणि चौथ्या दिवशी त्यांनी ऋजुताची ओढणी धरली, ती सोडेचनात. ऋजुता चित्रण दाखवू लागली की प्रश्न सुरू. सावली तिकडं का? हा माणूस पापणी का मिटत नाही? दिवसभर नुसतं का, का, का. एकदा त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ऋजे, हा बोलतोय, पण याचा सदरा हलत नाही. श्वास कुठाय याचा?" ऋजुतालाही ते दिसलं नव्हतं. तिनं टाळ्या वाजवल्या, तशा बाईंनी घरभर गिरक्या घेतल्या. बिनगुळाची आमटी बोटं चाटून खाल्ली. दुपारी झोपायच्या आधी त्या भीतीच्या गोष्टी सांगत. आपण कुणाच्याच उपयोगाच्या उरलो नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी. ऋजुताला ही बाई फार आवडायला लागली होती. पण सासू आवडते हे सांगायचं तरी कुणाला?

शेवटच्या आठवड्यात तिनं डॉक्टरांना फोन केला. "औषध आत्ताच थांबवलं तर?"

"आठवणी राहतील, त्या शेवटच्या मात्रांनीच पुसल्या जातात. शिक्षण अर्धवट राहील."

"अर्धवट म्हणजे?"

"म्हणजे नोकरी नाही."

आतल्या खोलीत मृणालिनीबाई ओरडत होत्या, "खरी! ही म्हैस खरी आहे!" बंद दारामागचं ते रडणं ऋजुताला आठवलं. तिनं उरलेलं औषध वेळेवर दिलं, आणि मोरीत जाऊन स्वतः रडली.

नोकरी मिळाली. पेढे घ्यायला आलेल्या शेजारणीनं विचारलं, "शिकवलं कुणी हो?"

"कोण शिकवणार? माझी मीच शिकले," मृणालिनीबाई म्हणाल्या. "आमच्या बाईसाहेबांना स्वतःच्या कामातून डोकं वर काढायला सवड कुठाय!"

ऋजुताचा संयम सुटला. शेजारीण गेल्या गेल्या तिनं त्या तीन आठवड्यांत टिपलेलं एक चित्रण फोनवर सासूबाईंसमोर धरलं. पडद्यावर मृणालिनीबाई तिच्या मांडीवर डोकं ठेवून खिदळत होत्या. "ऋजे, मी मोठी झाले ना, तरी तू मला टाकू नकोस हं."

मृणालिनीबाईंच्या कपाळाला आठी पडली. "असली चित्रणं पैशाला पासरी मिळतात."

"तपासा ना मग, आई. तुमचंच काम आहे ते."

त्यांनी चष्मा लावला. सावल्या पाहिल्या, पापण्या पाहिल्या, श्वासाबरोबर हलणारं पातळ पुन्हा पुन्हा पाहिलं. आता त्यांची चूक होत नसे. ऋजुता शेजारी उभी राहून वाट पाहत होती.

"अस्सल आहे," त्या म्हणाल्या.

ऋजुताचे डोळे भरून आले. मृणालिनीबाई पडद्यावरच्या त्या हसऱ्या बाईकडे आणखी थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि कचेरीतल्यासारखा निकाल पुरा केला. "पण बाईची ओळख पटत नाही."