एक तास आधी कळवावे

‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं फोनवर झळकलं की लिओबा थेलेन समजून जायची, आज पुन्हा पायपीट. वसंतात जिल्ह्यानं डोंगरावर जाणारी मोठी बस बंद केली. रिकामी धावते, डिझेल जाळते, म्हणे. खोटं नव्हतं ते. पण वृद्धाश्रमात भल्या पहाटेपासून म्हाताऱ्यांना उठवून, न्हाऊ घालून, भरवून दुपारी ब्रुकम्यूलेच्या थांब्यावर उतरलेल्या बाईला खरं-खोटं करायला त्राण कुठून आणायचं? तिथून ओबरहासेल गावापर्यंत नुसता चढ. आणि पायांचे तर पार तुकडे पडलेले.

बसच्या बदल्यात दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक, विजेवर चालणारी छोटी बस, जी फोनवरून बोलवायची. दुसरी, थांब्याजवळ एक हिरवा बाक. बाकाशेजारच्या खांबाला गावांच्या नावांच्या पाट्या. आपल्या गावाची पाटी वर करून बसायचं, म्हणजे त्या वाटेनं जाणारं कुणीही गाडी थांबवून घेऊन जातं. दोघं एका गाडीत, तेवढाच धूर कमी. कल्पना झकास होती. फक्त फुकट नेणारी माणसं प्रश्नांच्या रूपानं भाडं वसूल करतात, हे जिल्ह्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बाबांचा गुडघा कसा आहे? तिशी उलटली ना गं तुझी? मग अजून एकटीच?

सप्टेंबरातल्या त्या दुपारी भुरभुर पाऊस होता. लिओबा बाकावर बसली ती केवळ पाय उभं राहू देईनात म्हणून. आधीचं कोणीतरी ओबरहासेलची पाटी वर ठेवून गेलं होतं, हे तिनं पाहिलंच नाही. दोन गाड्या थांबल्या, दोन्ही तिनं हात हलवून घालवल्या. तिसऱ्या खेपेला आवाजच आला नाही. नुसतं दार उघडलं. समोर ती छोटी बस, आत कुणीही नाही, आणि चाकामागे कोरायची विसरलेली दाढी आणि झोपाळू डोळे असलेला एक उंच माणूस.

“ओबरहासेल?” त्यानं विचारलं.

लिओबा उठली. या बसमध्ये गप्पा माराव्या लागत नाहीत, एवढं तिला पुरेसं होतं. पण त्यानं समोरच्या पडद्याकडे पाहिलं आणि कान खाजवला.

“तुमची नोंद दिसत नाही.”

“केलेली नाही.”

“एक तास आधी कळवावं लागतं.”

“बस रिकामी आहे,” लिओबा म्हणाली.

“हो.”

“आणि तुम्ही वरच चाललाय.”

“हो. चार्जिंगला.”

“आणि तरीही...”

“तरीही,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच पडला. “विमा लागू होत नाही हो. नियम मी केलेला नाही. मीही तो शिव्या देतच पाळतो.”

भांडायला अंगात जोर हवा. लिओबा परत बाकावर बसली, फोन काढला आणि मुकाट्यानं नोंद केली. आत बसमध्ये काहीतरी टिंग वाजलं. माणसानं पडद्याकडे पाहिलं, बस बाजूला लावली आणि खाली उतरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला.

“जायचं होतं ना वर?” ती म्हणाली.

“आता नाही जमायचं. तासाभरानं इथूनच एक प्रवासी आहे. कोणी थेलेनबाई म्हणून.”

“मीच ती.”

“अस्सं. मी वेंडेलिन.”

त्यानंतर तो एक अक्षर बोलला नाही. ओल्या गवताचा वास येत होता, नदी खालून कुरकुरत होती. इतकं न बोलणारं माणूस लिओबाच्या दिवसात दुसरं नव्हतं. आश्रमात हाका, घरी हाका. बाबांनी तर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून उशाशी चक्क हॉटेलातली पितळी घंटी ठेवली होती. बसल्या बसल्या तिला कधी डुलकी लागली, कळलंच नाही.

जाग आली तेव्हा पाऊस थांबला होता आणि खांबावरची पाटी खाली केलेली होती.

“पाटी...”

“मी खाली केली,” वेंडेलिन हळूच म्हणाला. “नाहीतर जो तो थांबून हॉर्न वाजवतो. चला, थेलेनबाई, तुमची वेळ झाली.”

दुसऱ्या दिवशी लिओबानं बाकावर बसूनच नोंद केली. तिसऱ्या दिवशीही. तास तिचा, तास त्याचा. हळूहळू दोन टोकांमधलं अंतर कमी झालं, कारण मध्ये प्लमच्या केकचा डबा आला. तो आणायचा, गांधीलमाश्याही तोच हाकलायचा. “बसचालक झालोय की माशीचालक, समजत नाही,” म्हणायचा. ती हसली की त्याला फार आनंद व्हायचा आणि तो लपवायला तो उगाच डोंगराकडे बघायचा. लिओबाला ते दिसायचं. थकलेल्या माणसालाही डोळे असतातच.

पानं पिवळी पडू लागली तेव्हा एकदा त्यानं कान खाजवला. त्याला काही अवघड बोलायचं असलं की तो कान खाजवतो, एवढं ती शिकली होती.

“थेलेनबाई, एक विचारू? आश्रमातून निघायच्या आधीच नोंद केलीत, तर इथं उतरता उतरता बस उभी असेल.”

“विसरते मी.”

“रोज?”

“रोज.”

त्यानं केकचा आणखी एक तुकडा तिच्यापुढं सरकवला.

“मग... विसरत जा,” तो म्हणाला.

आणि बुधवारी फोनवर ती बातमी आली. ‘आनंदाची बातमी. सोमवारपासून आधी नोंद करण्याची गरज नाही. जवळची बस यंत्र स्वतःच शोधील आणि तात्काळ पाठवील. आता वाट पाहणे संपले.’ अख्खं खोरं खूश झालं. आश्रमातल्या स्वयंपाकिणीनं लिओबाच्या पाठीवर थाप मारली, “सुटलीस बाई.” लिओबा ‘हो ना’ म्हणाली आणि ढीगभर चादरी घेऊन कपड्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा जिल्ह्यानं दिलगिरी व्यक्त करायला हवी होती, आणि नेमकी तेव्हाच केली नव्हती.

शुक्रवारी दोघं बाकावर बसले. केकचा डबा उघडलाच नाही.

“मला पलीकडच्या खोऱ्यात टाकलंय,” वेंडेलिन म्हणाला. “यंत्रानं ठरवलं. तिथं म्हणे माणसं जास्त आहेत.”

“चांगलं आहे.”

“तुम्हालाही चांगलं. थेट घरी.”

“थेट घरी,” लिओबा म्हणाली.

तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण दिवसभर दुसऱ्यांसाठी बोलून झाल्यावर स्वतःसाठी शब्दच शिल्लक राहत नाहीत, हा तिचा जुनाच रोग होता. वेळ झाली, ती बसमध्ये चढली, गाव आलं. “बरंय, थेलेनबाई,” तो म्हणाला. “आभारी आहे,” ती म्हणाली, आणि दार मिटलं. बस आवाज न करता वळणाआड गेली. निदान थोडी घरघरली तरी असती.

शनिवार गेला. रविवारी बाबांनी तीनदा घंटी वाजवली तेव्हा कुठं ती खोलीत आली.

“काय हवंय, बाबा?”

“काही नको. तोंड का पाडून बसलीयस ते सांग. त्या बसवाल्यामुळं ना?”

“कोण सांगतं तुम्हाला असलं काही?”

“सगळं गाव. अगं, हमरस्त्यावर बसता तुम्ही. शेजारची लेबाई सांगत होती, पाटी खाली करून दोघं तासन्‌तास बसतात, गाडी थांबवायची सोय नाही.” बाबा घंटीवरून बोट फिरवत राहिले. “ही मी बऱ्याचदा उगाच वाजवतो. तू दुपारी नसतेस, घर फार शांत असतं. पण उद्या उशीर झाला तर होऊ दे. सूप गरम करायला गुडघा लागत नाही.”

लिओबानं त्यांचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं.

सोमवारी ब्रुकम्यूलेला उतरली तेव्हा फोनवर लिहून आलं होतं, ‘बस हवी? येथे दाबा.’ ती बाकावर बसली. दाबलं नाही. ओबरहासेलची पाटी वरच होती. लेबाईची लाल गाडी थांबली.

“चल गं, सोडते. पावसाचं चिन्ह आहे.”

“नको, लेबाई.”

“बस बोलावलीस?”

“नाही.”

“मग जाणार कशी?”

“माहीत नाही,” लिओबा म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. लेबाई मान हलवत गेली. लिओबानं उठून पाटी खाली केली आणि बसली. मग कुणी थांबलं नाही. एकेक गाडी निघून जात होती आणि तिला वाटत होतं, आपण एक वेडी बाई आहोत, जी अशा बसची वाट पाहतेय जी येणारच नाही. तेवढ्यात खिंडीच्या बाजूनं कुणीतरी सायकल हातात धरून, धापा टाकत उतरताना दिसलं. डोकं धुक्यानं भिजलेलं. हँडलला केकचा डबा.

वेंडेलिननं सायकल खांबाला टेकवली. बोलायला श्वास पुरेना.

“पलीकडून... खिंड चढून... उतारावर ब्रेक लागेना, म्हणून चालत.”

“बसनं यायचं की. आता लगेच येते म्हणे.”

“तुम्ही का नाही बोलावलीत?”

“मला लगेच नको होती,” लिओबा म्हणाली, आणि शुक्रवारी बोलायचं राहिलेलं बाहेर पडलं. “मला तास हवा होता. तुमच्यासोबतचा. मी कधीच विसरत नव्हते हो.”

“ठाऊक होतं मला,” तो म्हणाला. “नाहीतर रोज एवढा केक कोण करतं?”

तो बसला. या वेळी दुसऱ्या टोकाला नाही.

“तुम्हाला एक सांगायचं आहे,” ती म्हणाली. “पण आज फार दमलेय. नीट सांगता यायचं नाही. म्हणून एक तास आधी कळवून ठेवतेय.”

वेंडेलिननं कान खाजवला, मग हात खाली घेतला. “नोंद झाली, थेलेनबाई. थांबतो मी.”

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. भिजलेल्या लोकरीचा वास होता, आणि थोडा प्लमचा. पाऊस आला, बाकावरच्या पत्र्यावर वाजू लागला. त्या आवाजात तिला गाढ झोप लागली.

डोळे उघडले तेव्हा दिवेलागण होत आली होती आणि त्याचा हात अवघडून लाकूड झाला असणार, पण तो हललेला नव्हता.

“तास झाला?”

“होऊन गेला. पाच मिनिटं उशीर आहे.”

“गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत,” लिओबा म्हणाली. मग त्याच्याकडे तोंड करून, थेट अरे-तुरे करत, तिनं जे कळवायचं होतं ते कळवलं.