हातावरचं दही

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या घरातून निघताना सासूबाईंनी आशिषच्या हातावर दही ठेवलं, मंजुषाच्या हातावर ठेवलं आणि तिसरा इवला तळहात पुढे आला तेव्हा त्यावरही चमचाभर टेकवून त्या मोकळ्या झाल्या. तो तळहात त्यांच्या अडीच वर्षांच्या लेकीचा, ईशाचा होता. ईशा कुठेच जाणार नव्हती.

"आई, तिला कशाला? प्रवासाला निघालेल्यालाच देतात ना?" मंजुषा म्हणाली.

"मागितलं पोरीने. रडवू का तिला आता?"

"अरे यार मंजू, दह्याने व्हिसा मिळतो का?" आशिष हसला.

सासरे बाबूरावांची मिल बंद पडून चार वर्षं झाली होती. हजेरीचा त्यांचा पितळी बिल्ला, नंबर ४१७, काळ्या दोऱ्यात ओवून त्यांनी नातीच्या गळ्यात घातला होता. तो चघळत ईशा दारात उभी राहिली. आशिष रंगाच्या कंपनीचा डीलर झाला, टार्गेट गाठलं, म्हणून कंपनी दोघांना डॅन्यूब नदीवर आठ दिवस बोटीने फिरवणार होती.

पाचव्या दिवशी सकाळी बोट जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला लागली. उतरायच्या दाराशी खिळे ठोकलेला फळा होता आणि खिळ्यांवर एक ते बत्तीस नंबरांचे लाल बिल्ले.

"आपला नंबर घेऊन उतरायचं, आल्यावर टांगायचा," टूर मॅनेजर रघुवीरजी म्हणाले. "फळा भरला की बोट सुटली."

"सेम बाबांची मिल," आशिष म्हणाला.

मंजुषाने चौदा नंबर उचलला आणि तिची नजर फळ्याच्या शेवटाकडे गेली. बत्तीसच्या पुढच्या खिळ्यावर एक पितळी बिल्ला होता, काळ्या दोऱ्यासकट. ४१७. ती आशिषला हाक मारणार, तोच मागची माणसं पुढे सरकली. ती बाजूला झाली तेव्हा खिळा रिकामा होता.

गावात ऊन दुधासारखं पांढरं पडलं होतं. जुना दगडी पूल, त्याच्या कमानींत गरगरणारं पाणी, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्ल्या. कुठूनतरी लाकडाचा धूर येत होता, आणि त्या धुराखाली आंबूस दह्याचा वास. कारंज्याच्या काठावर पाच छोट्या बोटांचा पांढरा ठसा होता, अजून ओला. चर्चमधल्या म्हातारीने मंजुषाला मेणबत्ती दिली. मग तिच्या गुडघ्यापाशी बघून हसली आणि आणखी एक दिली, बारकी.

"किती हळू चालतेस तू," आशिष म्हणाला.

खरंच. ती अडीच वर्षांच्या पावलांनी चालत होती.

नदीकाठच्या बूथवरून तिने इंदूरला फोन लावला.

"झोपलीय गं दुपारपासून," सासूबाई म्हणाल्या. "टेन्शन नको घेऊ. डॉक्टर येऊन गेले. ताप नाही, काही नाही."

"उठवून बघा ना."

पलीकडून ईशूला मारलेल्या हाका ऐकू आल्या.

"उठत नाहीये. आणि तिचा बिल्ला कुठे गेला कोण जाणे. ह्यांनी सगळं घर पालथं घातलं."

पाच वाजता मंजुषा पुलावरून परतली. दर चार पावलांवर मागे हात करून म्हणत होती, "ईशू, चल." हाताला फक्त वारा लागत होता.

तिने चौदा नंबर टांगला. बत्तीसही बिल्ले जागेवर होते. त्यापुढचा खिळा रिकामा.

"चलो, सगळे आले," रघुवीरजी म्हणाले.

"नाही. एक जण राहिलंय."

"भाभीजी, बत्तीसचे बत्तीस आहेत."

"मंजू, लोक बघतायत," आशिष हळूच म्हणाला.

खलाशी दोर सोडत होता. मंजुषा कठड्याला टेकली. पूल रिकामा दिसत होता.

"तू ये," ती पुलाकडे बघून म्हणाली. "मी थांबते."

भोंगा झाला. बोटीचा नव्हता तो. शेवटी चिरकणारा, चार वर्षांपूर्वी बंद पडलेला, मिलचा.

तिने वळून पाहिलं. शेवटच्या खिळ्यावर पितळी बिल्ला हलत होता. त्याला दही लागलेलं होतं.

बोटीच्या काउंटरवरून फोन लागायला तीन मिनिटं लागली.

"उठली गं," सासूबाई रडत हसत होत्या. "एकदम उठून बसली. पोहे मागतेय. घे, बोल."

बोट काठापासून दूर सरकली होती. ईशाचा श्वास जवळ, उबदार ऐकू आला.

"आई," ती म्हणाली, "तू पुलावर का उभी आहेस?"

मंजुषाने फळ्याकडे पाहिलं. चौदाचा खिळा रिकामा होता.