काचेतला चरक

इस्लामपूरच्या पुढं आमचं गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात तिथल्या चरकात आप्पासोंची बोटं गेली, तीही जन्मभर ऊस घातलेल्या माणसाची. लाटांनी, म्हणजे चरकाच्या फिरत्या रुळांनी, ऊस धरला की हात सोडायचा, एवढंच शिकायचं असतं. पण नवा माणूस शेवटचं कांडं हातानं रेटत राहतो आणि तिथंच घात होतो.

यंदा ऊस घालायला माझा धाकटा भाऊ शंभूराज उभा राहणार होता. फौजेतनं नुकताच आलेला, अंगात मस्ती. मी घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी मोबाईलवरचे खेळ बनवते. बोटानं ढकललेली वस्तू किती घसरावी, कुठं अडावी, त्याचे आकडे बसवणं हे माझं काम. म्हटलं, याला टॅबवरच चरक करून देते. बोटानं ऊस पुढं सरकवायचा, लाटांनी धरला की बोट उचलायचं. उशीर झाला की काच लाल.

"काचंवर ऊस गाळनार व्हय गं?" आमचे वडील, आबा, खेकसले. "लय शहाणी!"

"आप्पासोंना विचारा, कोण शहाणं ते," मीही फणकारले.

शंभूराज दुपारभर टॅबला चिकटून होता. फौजेत सराव म्हणजे सराव. आधी काच लाल झाली की हसायचा. मग हसायचा थांबला.

"आक्का, हे वढतंय की गं."

"तुला वाटतंय तसं. काच आहे ती."

"डोळं मिटून बघ तू."

मी डोळे मिटून बोट टेकवलं. बोट पुढं गेलं. मी नेलं नव्हतं.

चिडून मी ओढीचा आकडा शून्य केला. आता ऊस जागचा हलायला नको होता. हलला. मग खेळातला तो सगळा भागच पुसून टाकला, नुसतं चित्र ठेवलं. तरी शंभूराजचं बोट लाटांकडं सरकलं, आणि त्यानं ते उचललं तेव्हा चिकटपट्टी ओढून काढल्यासारखा आवाज आला. टॅब कपाटात घालून मी कुलूप लावलं.

सकाळी तो पायरीवर चहा पीत होता. स्टीलचा पेला इतका तापला होता की मी तो ओढणीनं धरून काढून घेतला. त्याला पत्ताच नाही. मी त्याचा उजवा हात उलटा केला. बोटांवर एकही रेघ नव्हती. सगळी गुळगुळीत आणि गार.

"हे कधीपासनं?"

"काय?" तो म्हणाला. मोबाईलला अंगठा लावत बसला होता. मोबाईल उघडत नव्हता.

"आज चरकाला हात लावायचा नाही," मी बजावलं आणि आबांकडं गेले.

"सवय न्हाई कामाची, सालटं गेली असत्याल," आबा म्हणाले. "रसाची काहील तापलीया, ऊस तोडून पडलाय. नाटकं बास कर!"

आमचं भांडण चालू असतानाच चरक सुरू झाला.

मी धावत सुटले.

शंभूराज ऊस घालत होता. लाटांनी धरला की सोडत होता. अगदी बरोबर. बाजूला आप्पासो मान डोलवत होते. माझा जीव भांड्यात पडला.

मोळी संपत आली. शेवटचं कांडं राहिलं.

लाटांनी ते धरलं.

"सोड!" मी किंचाळले. "शंभ्या, सोड!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. चेहरा निवांत होता.

"सोडलं की, आक्का," तो म्हणाला.

त्याची मूठ कांड्याभोवती आवळलेलीच होती.