भाव न केलेलं वय

दांडी गावची नवसी पालघरच्या बाजारात सुके बोंबील विकून परत निघाली होती. दवाखान्याच्या ओट्यावर बायकांची रांग दिसली, तशी ती थबकली. तारुण्य राखणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या म्हणे! त्या खरंच लागू पडतात का, ते मुंबईचे डॉक्टर तपासून बघत होते. तारापूरला वीजघराचं बांधकाम निघाल्यापासून इकडे रोज काहीतरी नवीन येई. नवसीला भावजयीचे सकाळचे शब्द अजून सलत होते — "या म्हातारीला लगीन करून कोन नेतंय आता?" ती रांगेत शिरली.

मेजामागे बोईसरचा कंपाउंडर नामदेव बसला होता. सावळा, शांत, लग्नाचं राहून गेलेला. डोळ्यांत मात्र हसू.

"पन्नाशीच्या पुढच्यांनाच गोळ्या आहेत. तुमचं वय?"

नवसी चौतिशीची. पण मासे विकणारीची जीभ ती! गिऱ्हाईक आलं की दाम चढवून सांगायचा, ते पाडून मागणार, मग मधे कुठंतरी जमणार.

"बावन," ती म्हणाली आणि घासाघिशीची वाट बघत राहिली.

नामदेवनं तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं. आणि बावन्न लिहून टाकलं. "बसा, मावशी."

मावशी! मेल्यानं पंचेचाळीस तरी म्हणावं की नाही? उन्हानं, खाऱ्या वाऱ्यानं आपला चेहरा इतका करपलाय? नवसीचे कान तापले. पाटीखाली तोंड लपवावं असं तिला झालं.

तरी दर मंगळवारी गोळ्यांची पुडी न्यायला ती आलीच. नामदेव वजन करी, नाडी बघी.

"मावशी, नाडी फार पळतेय."

"बोटं काढ, मंग थांबंल."

"काढू?"

"...नको. डाक्तर रागावंल."

हळूहळू ती केसांत अबोली माळू लागली, तोंडाला खोबरेल चोळू लागली. सांगितलेलं वय आठवलं की मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई. ज्याला आवडावं, त्याच्याच पुढे आपण म्हातारी!

डॉक्टर खूश. "सुरकुत्या गेल्या की हिच्या! मोठ्या डॉक्टरांना हिलाच दाखवू."

बाकावरून दांडीच्याच काशीबाई आत्यानं नवसीचा हात धरला. आत्या खरोखरच साठीची. "मला तं त्या गोळीनं मळमळतं, छाती दुखते गो. सोडनार होते. पन तुला गुन आला, मंग मी बी सोसते."

नवसीला कळलं, आपल्या खोट्या वयापायी आत्या गोळ्या सोसतेय. बोललं तर सगळ्यांसमोर, नामदेवसमोर नाक कापलं जाणार. नाही बोललं तर आत्या...

ती उठली, मान खाली. "डाक्तर, मी बावनची नाय. चौतीसची हाय. खोटं बोलले. आत्याची गोळी बंद करा."

रांग खुसुखुसु हसली. डॉक्टरांचा चेहरा पडला. निम्म्या बायकांना औषध आणि निम्म्यांना नुसती साखर, ही वाटणी त्यांनाच ठाऊक होती. त्यांनी आता प्रथमच नवसीच्या पुडीवरची खूण पाहिली.

"काशीबाई, गोळ्या बंद. आणि ही... ही तर साखरच खात होती!"

"मंग उजळली कशानं?" आत्यानं विचारलं.

नवसीनं पदर तोंडावर ओढला. तेवढ्यात नामदेव उभा राहिला, घामाघूम.

"चूक माझी, डॉक्टर. हिची पन्नाशी झालेली नाही, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. वय पाडून मागितलं असतं, तर... ही परत आली नसती."

"चालते व्हा दोघंही!"

ओट्याखाली दोघं उभी राहिली. एकमेकांकडे बघायचीही चोरी.

"लाज नाय वाटली तुला?" नवसीनं विचारलं.

"वाटली ना. दर वेळी मावशी म्हणताना वाटली." तो घुटमळला. "माझंही ऐक. वय छत्तीस. नोकरी आत्ताच गेली. कर भाव."

नवसीनं पदराआडून त्याला न्याहाळलं. उभ्या जन्मात समोरच्यानं सांगितलेला पहिला दाम तिनं कधी कबूल केला नव्हता.

"भाव नाय करायची," ती म्हणाली. "हाय तसा घेतला."